दोघांत एक कॅन

सौदीहून परत आलेली माणसं टेपरेकॉर्डर आणतात, घड्याळं आणतात. मी आणि सोनाजीनं त्याबरोबर अंघोळीची गोष्टही आणली. अर्ध्या कॅनमध्ये डोक्यावरून अंघोळ करणारे पंचक्रोशीत आम्ही दोघंच, असा आमचा तोरा होता. चितेगावच्या नाक्यावर चहाला बसलो की कोणीतरी विषय काढायचं आणि आम्ही सांगत सुटायचो. ऐकणारे हसायचे आणि आम्हाला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

कॅम्प वाळवंटात होता. अंघोळीचं पाणी टँकरनं यायचं आणि दोन माणसांत एक कॅन मिळायचा. कोणाची जोडी कोणाशी, हे फोरमन ठरवायचा. आम्ही दोघं एका गावचे एवढंच त्याला ठाऊक होतं. सोनाजीचं घर वरच्या गल्लीत, मेंढरांवाल्यांचं, आणि माझं ओढ्याखाली बौद्धवाड्यात, हे त्याला कोण सांगणार? माझ्या मायला तरुणपणी विहिरीवर वरून पाणी वाढायचे, घागरीला घागर लागू नये म्हणून. फोरमननं मात्र आमच्या दोघांत एकच कॅन ठेवला आणि तो निघून गेला.

साबण डोळ्यांत गेला की माणूस स्वतःच्या अंगावर ओतताना अर्धं पाणी बाहेर सांडतो. म्हणून आम्ही एक रीत बसवली. एकानं घमेल्यात उकिडवं बसायचं, दुसऱ्यानं मानेपासून खाली बारीक धार धरायची. घमेल्यात साचलेल्या पाण्यात कामाचे कपडे धुवायचे. पहिले काही दिवस सोनाजी हात लांब ठेवून धार धरायचा. मग एके दिवशी माझ्या पाठीवर वेल्डिंगची काजळी राहिलेली बघून त्यानं स्वतःच साबण उचलला आणि पाठ घासायला लागला. "जयभीम, वाक जरा," असं रोज म्हणायचा आणि धार सोडायचा. वरच्या गल्लीतला हात माझ्या पाठीला जन्मात पहिल्यांदा लागला होता. खोटं कशाला बोलू, मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

दिवाळीच्या पहाटे तो खाटेवर बसून रडत होता. घरी त्याची आई, बानाबाई, तेल लावून न्हाऊ घालायची म्हणे. आम्ही काही ती दिवाळी करत नाही, पण मला राहवलं नाही. मी त्याच्या पाठीला खोबरेल चोळलं आणि माझ्या वाट्यासकट अख्खा कॅन त्याच्या डोक्यावर ओतला. मी तसाच घामट अंगानं कामावर गेलो. एवढं सुख मला माझ्या स्वतःच्या अंघोळीनं कधी झालं नव्हतं.

परत आल्यावर मी वाळूजच्या एका वर्कशॉपात वेल्डर म्हणून लागलो. सोनाजीनं रानात बोअर पाडली आणि तिला धो धो पाणी लागलं. टाकीचा लोखंडी स्टँड मीच सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग करून दिला. त्या दिवशी जेवायला बसायची वेळ झाली तेव्हा त्यानं भाकरी माझ्यासाठी रानातच आणली आणि स्वतः घरी जाऊन जेवून आला. मी मनाची समजूत घातली की म्हाताऱ्यांपुढं त्याचं काही चालत नसेल. समजूत घालण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

मग तो जानेवारी आला. इतक्या वर्षांच्या मारामारीनंतर विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. आमची पोरं ट्रक करून औरंगाबादला गेली, विद्यापीठाच्या कमानीपाशी नाचली आणि निळे झेंडे घेऊन गावात परतली. सकाळी विहिरीच्या वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या. किराणा बंद, दळण बंद, पाणी बंद. नाव मागितलं तेव्हा आमच्या लोकांची घरं जाळली, आणि नाव मिळालं तेव्हा आमचं पाणी तोडलं. म्हणजे आम्ही काहीही केलं तरी भरपाई आम्हीच करायची.

माझी बायको मनकर्णा नुकतीच बाळंत झाली होती. वस्तीतल्या हापशाला पाणी नव्हतं. वाळूजहून बसमध्ये मी एखादा डबा आणायचो, तो पिण्यातच संपायचा. बाळंतपण झाल्यापासून तिच्या अंगाला पाणी लागलं नव्हतं.

"ऊन पाण्यानं शेकलं नाय तर अंग धरंल तिचं," माय सारखी म्हणत होती.

मनकर्णा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "माझा मलाच वास येऊ लागलाय. लेकराला छातीशी धरायची लाज वाटती."

मी दोन हंडे उचलले. "सोनाजीकडं जातो."

"दील का त्यो?"

"दील का म्हंजी? माझी पाठ घासलीय त्यानं."

बोअरवर मोटर चालू होती. हौद काठोकाठ भरला होता आणि मेंढरं त्यात तोंड घालून पीत होती. त्यांना कोणी मोजून देत नव्हतं. सोनाजीचा बाप आप्पा बाजेवर बसला होता, शेजारी वरच्या गल्लीतली दोन-तीन माणसं होती. मी नळाखाली हंडा ठेवायला वाकलो.

"लांब ठिव भांडं," आप्पा म्हणाला.

मी हंडा मागं घेतला आणि सोनाजीला म्हटलं, "मनकर्णा बाळंतीण हाय. न्हायला पाणी नाय घरात. दोन हंडे दे."

सोनाजीनं माझ्याकडं बघितलं नाही, त्या माणसांकडं बघितलं. मग खोपीत जाऊन त्यानं प्लॅस्टिकचा एक कॅन आणला, भरला, बांधावर ठेवला आणि चार पावलं मागं सरला.

"एवढ्यात भागंल की," तो म्हणाला. "तिकडं दोघांत एक पुरायचा आपल्याला."

माणसं हसली. त्यातला एकजण म्हणाला, "व्हय की. नाक्यावर तूच सांगायचास, अर्ध्यात डोक्यावरून हुती म्हणून. आता बायकू अन् लेकरू, दोघंच तर हायेत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो कॅन उचलून सोनाजीच्या डोक्यावर ओतावा, त्याच्या बापासमोर ओतावा, असं वाटलं. पण घरी चुलीवर भगुणं ठेवून माय वाट बघत होती. गरजवंताला राग परवडत नाही.

"सोनाजी," मी एवढंच म्हटलं, "तिकडं धार तू धरायचास."

त्याचा चेहरा पडला. क्षणभर मला वाटलं, आता हा पुढं येईल आणि हंडा भरेल. आप्पा खाकरला.

"तिकडलं तिकडं, कडुबा," सोनाजी म्हणाला आणि मोटर बंद करायला गेला.

मी कॅन उचलला. दोन्ही रिकामे हंडे दुसऱ्या हातात एकमेकांवर आपटत होते. सगळ्या गावाला तो आवाज ऐकू जातोय असं मला वाटत होतं.

घरी मायनं पाणी तापवलं. मी मनकर्णाला घमेल्यात बसवायला सांगितलं आणि तांब्या हातात घेतला. माय चिडली. "बाप्यानं बाळंतिणीला न्हाऊ घालायचं व्हय रं?"

"थोडक्यात कसं घालायचं ते मलाच येतं," मी म्हटलं. तिनं भगुणं माझ्यापुढं सरकवलं.

लेकरासाठी थोडं बाजूला काढलं. उरलेल्यात मी मानेपासून बारीक धार धरली, एक थेंब वाया जाऊ दिला नाही. ऊन पाणी पाठीला लागलं तसे मनकर्णाचे खांदे सैल पडले. तिनं डोळे मिटून केसांना साबण लावला.

"काय म्हणला सोनाजी?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, जसं म्हणाला तसं.

तिचे हात केसांत थांबले. सौदीच्या त्या गोष्टी तिनं माझ्याकडून किती वेळा ऐकल्या होत्या. पाव्हणे आले की मी त्यांनाही ऐकवायचो आणि ती चहा गाळता गाळता हसायची.

"मंग ती दोस्ती तिकडंच ठिवून यायची हुती," ती म्हणाली. "हिकडं कशाला आणली?"

मग डोळे मिटूनच तिनं मान पुढं केली, केसांवर पाणी घ्यायला. भगुणं रिकामं झालं होतं. मी कॅन तांब्यात उपडा केला. तांब्याचा तळसुद्धा झाकला गेला नाही.

"टाका ना," ती म्हणाली.