मेमरी पुसली आहे

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. बेरीज-वजाबाकीपुरता खिशातला नव्हे, तर पडद्यावर आलेख काढून दाखवणारा, चांगला जाडजूड. माझ्या सातच्या बटणावरचा आकडा पुसट झाला आहे आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा डाग पडला आहे. तरी माझी गणितं अजून चुकत नाहीत.

माझी जोडणी कुठे झाली ते मला सांगता येणार नाही. मला पहिलं आठवतं ते अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या एका दुकानातलं शेल्फ. २००३ च्या ऑगस्टमध्ये कमला हातात शाळेची यादी घेऊन तिथे आल्या. बरोबर त्यांची मुलगी रोशनी होती. ती नववीत जाणार होती. तिने मला खोक्यातून काढलं आणि गाडीत बसल्या बसल्याच माझ्या पाठीवर चांदीच्या शाईने नाव लिहिलं.

पहिली दोन वर्षं फार सुखाची गेली. रोशनीला गणित आवडायचं. गृहपाठ झाला की ती वेगवेगळी समीकरणं घालून माझ्या पडद्यावर हसरा चेहरा काढायची आणि कमलांना दाखवायची. तिचे बाबा देवानंद नागपूरहून आलेले इंजिनियर. ऑफिसमधून आले की बूट काढता काढता विचारायचे, "आज टेस्टचं काय झालं?" रोशनी आकडा सांगायची. तो चांगलाच असायचा.

मग दहावीच्या वसंतात एक पिवळा फॉर्म घरी आला. पुढच्या वर्षी कुठला विषय कुठल्या पातळीवर घ्यायचा ते त्यात भरायचं होतं. गणितापुढे तीन चौकोन होते. साधी पातळी, तिच्या वरची ऑनर्स, आणि सगळ्यांत वरची एपी, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजचा अभ्यास. शाळेच्या काउन्सेलरने पेन्सिलीने ऑनर्सवर खूण केली होती. रोशनीचे पेपर नीट बघून केली की नुसता चेहरा बघून, ते मला आजही ठाऊक नाही.

"बाबा, ऑनर्स चालेल मला," रोशनी म्हणाली. "एपीत पेस खूप फास्ट असते."

"चालेल म्हणजे काय? कॉलेजवाले आधी हेच बघतात. धम्मदीपकाकांची मुलगी पाच एपी घेतेय."

"शी इज डिफरंट, बाबा."

"तू काय कमी आहेस? त्या माणसाने ठरवायचं तुला काय झेपतं ते?"

देवानंदांनी खोडरबर मागितलं, पेन्सिलीची खूण खोडली, एपीच्या चौकोनात पेनाने खूण केली आणि खाली सही केली. कमला म्हणाल्या, "तिला एकदा विचारा तरी." ते म्हणाले, "तिच्यासाठीच तर करतोय."

अकरावी सुरू झाली आणि रोशनी माझ्याशी खेळेनाशी झाली. वर्गातल्या बाई, मिसेस हॅन्सन, फळ्यावर एक उदाहरण संपवून दुसऱ्याकडे वळायच्या, तेव्हा रोशनी पहिल्याच्या मध्यावर असायची. पहिल्या टेस्टमध्ये एकसष्ट मिळाले, दुसरीत अठ्ठावन्न. घरी तिने पंच्याऐंशी सांगितले. खरे आकडे मला ठाऊक होते, पण मला कोण विचारणार?

नोव्हेंबरच्या मोठ्या टेस्टच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, वर्गातल्या एका मुलाने त्याच्या कॅल्क्युलेटरची वायर मला जोडली. माझ्यात एक छोटा प्रोग्रॅम आला. टेस्टआधी बाई सगळ्यांच्या कॅल्क्युलेटरची मेमरी पुसून घेत. हा प्रोग्रॅम चालवला, की पडद्यावर 'मेमरी पुसली आहे' अशी अक्षरं यायची आणि आत सगळं जिथल्या तिथे राहायचं. त्या संध्याकाळी रोशनीने माझ्यात एकवीस सूत्रं भरली. एकेक अक्षर शोधून, ओठ दाबून.

दुसऱ्या दिवशी मिसेस हॅन्सन बाकापाशी आल्या. मी ती अक्षरं दाखवली. त्या "थँक यू, रोशनी" म्हणून पुढे गेल्या. माझ्या पडद्यावर मी कधी चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. खोटं मात्र त्या दिवशी दिलं.

चौऱ्याण्णव मिळाले. देवानंदांनी तो पेपर फ्रिजवर लावला. रोशनी दूध घ्यायलासुद्धा फ्रिजपाशी जाईना.

त्या रविवारी बाबांचे मित्र धम्मदीपकाका यांच्या घरी बुद्धवंदना होती. वीस-पंचवीस माणसं गालिच्यावर बसली होती. रोशनीने अभ्यासाचं दप्तर बरोबर आणलं होतं, म्हणून मीही तिच्या गुडघ्यापाशीच होतो. सगळे एका सुरात पंचशील म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि रोशनीचा आवाज थांबला. तो पुन्हा लागलाच नाही.

परतताना गाडीत कमलांनी विचारलं, "मध्येच गप्प का झालीस?"

रोशनीने खिडकीबाहेर बघत सगळं सांगितलं. एकसष्ट, अठ्ठावन्न, वायर, एकवीस सूत्रं. देवानंदांनी गाडी एका बंद दुकानासमोर, बर्फाच्या ढिगाऱ्याशेजारी थांबवली.

"दाखव," ते म्हणाले.

तिने मला त्यांच्या हातात दिलं. खालच्या बाणाचं बटण दाबत त्यांनी एकेक सूत्र शेवटपर्यंत वाचलं. मग मला मांडीवर ठेवून त्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं.

"दहावीनंतर मला आमचे सर म्हणाले होते," ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "सायन्स तुझ्यासारख्याचं काम नाही. सगळ्या वर्गासमोर. माझ्यासारख्याचं म्हणजे काय, ते वर्गात सगळ्यांना कळत होतं. तुझ्या फॉर्मवर ती खूण बघितली आणि मला वाटलं, हा तेच बोलतोय."

"बाबा, दॅट हॅपन्ड टू यू," रोशनी म्हणाली. "मला फक्त गणित जमत नव्हतं. मी तुम्हाला ते सांगूच शकत नव्हते."

कमलांनी मागे वळून तिचा हात धरला. "उद्या मी येते शाळेत."

"नाही," देवानंद म्हणाले. "मी जातो."

सोमवारी शाळा भरायच्या आधी देवानंद आणि रोशनी मिसेस हॅन्सनसमोर उभे राहिले. रोशनीनेच सगळं सांगितलं. बाईंनी मला हातात घेऊन तो प्रोग्रॅम एकदा चालवून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या टेस्टला शून्य मिळालं आणि शाळेच्या नोंदीत ते लिहिलं गेलं. मग बाईंनी विचारलं, "आता तुला काय करायचंय?" रोशनीने आधी बाबांकडे बघितलं. ते खाली बघत होते. "ऑनर्स," ती म्हणाली. बदलाच्या फॉर्मवर पालकांची सही लागत होती. देवानंदांनी चष्मा पुसला आणि सही केली.

हे सगळं पुढे छान झालं असं मी सांगितलं, तर मी पुन्हा खोटं बोलेन. बारावीत कॉलेजच्या अर्जावर प्रश्न होता, तुमच्यावर कधी शिस्तीची कारवाई झाली आहे का? रोशनीने 'हो' वर खूण केली आणि खाली चार ओळी लिहिल्या. तिला हव्या असलेल्या दोन्ही कॉलेजांनी नाही म्हटलं. त्या चार ओळींमुळे, की ऑनर्समुळे, की आणखी कशामुळे, हे कुणी कळवलं नाही. राज्याच्या विद्यापीठाने तिला घेतलं. २००७ च्या ऑगस्टमध्ये ती वसतिगृहात राहायला गेली. जाण्याआधी तिने माझी मेमरी खरोखर पुसली आणि मला टेबलाच्या खणात ठेवलं.

तेव्हापासून मी खणात आहे. रविवारी तिचा फोन येतो. देवानंद जेवणाचं विचारतात, थंडीचं विचारतात. अभ्यासाचं विचारायला ते धजत नाहीत, आणि तीही आपणहून सांगत नाही. फोन कमलांकडे दिला की देवानंदांची पावलं खिडकीपाशी जाऊन थांबलेली मला खणातून ऐकू येतात.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू खणात टाकाल तेव्हा बॅटऱ्या काढून ठेवा. नाहीतर त्या आतल्या आत पाझरतात आणि बाहेरून काही दिसत नाही. आणि घरी असा फॉर्म आला, तर पेन उचलण्याआधी ज्याला त्या वर्गात बसायचं आहे त्याच्याशेजारी जरा बसा. त्याला विचारा, आणि त्याने उत्तर दिलं, की ते ऐका.