टेपला करंट न्हाय

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीत शिवपुत्रनं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये सगळी नोकरी काढली होती. खोलीएवढ्या मोटारी त्याच्या नुसत्या आवाजाला दबून असायच्या, असं तो निदान सांगायचा तरी. म्हणून निवृत्तीनंतर एका दुपारी दाक्षायणीनं माळ्यावरचा जुना टेप काढून पुढ्यात ठेवला, तेव्हा चहा निवायच्या आत चालू करून देतो, असं त्यानं बायकोला छातीठोक सांगून टाकलं.

चहा निवला. टेप काही चालू झाला नाही.

पट्ट्यानं खांद्याला अडकवायचा तो छोटा टेप दाक्षायणीला लग्नात भावानं दिलेला. सेलचं झाकण उघडलं तर आत कधीकाळचे सेल फुटून पाझरलेले, आणि स्प्रिंगांवर हिरवट पापुद्रा धरलेला. शिवपुत्रनं लिंबाचा रस लावून कापसाच्या काडीनं तो घासून काढला, स्प्रिंगा पुसून वाळवल्या, नवे सेल घातले आणि ऐटीत बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही.

“गिरणीतबी असाच वेळ लावत होता का?” दाक्षायणीनं मेथी निवडता निवडता विचारलं. “तरीच चादरी महाग झाल्या.”

तो उठला. चष्मा आणि मीटर घेऊन आला. सेल ठणठणीत होते. स्प्रिंगांपर्यंत करंट येत होता, पुढे मात्र कुठंतरी गडप होत होता. अडॅप्टर लावून बघा की, असं तिनं सुचवलं. पण जुना अडॅप्टर हरवला होता, आणि नव्याचे प्लस-मायनस उलटे निघाले तर आतलं सगळं जळेल, हे त्यानं तिला सविस्तर समजावलं. तिनं तेवढ्या वेळात मेथीची जुडी संपवली.

शेवटी मागचे स्क्रू काढल्यावर चोर सापडला. अडॅप्टरची पिन घालायच्या भोकात एक पितळी पत्ती होती. पिन आत गेली की ती बाजूला सरून सेलचा रस्ता बंद करायची आणि पिन काढली की जागेवर यायची. ही बया पिन नसतानाही बाजूलाच रुसून बसली होती. शिवपुत्रनं स्पिरिट लावून सुईच्या टोकानं तिला अलगद मागं आणलं. दिवा लागला, मोटार घुरघुरली. बायकोला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याची नजर टेपसोबत तिनं काढून ठेवलेल्या कॅसेटवर गेली. तिच्यावर त्याच्याच अक्षरात ‘मंद्रूपला’ असं लिहिलं होतं.

त्यानं झटकन बटण बंद केलं. दाक्षायणी पहिल्या बाळंतपणाला मंद्रूपला माहेरी गेली असताना, हा टेप तिच्यासोबत असल्यानं मित्राच्या, म्हणजे बसूच्या टेपवर त्यानं ही कॅसेट भरून पाठवली होती. भात करपतो, घर खायला उठतं, मी उपाशी झोपतो, असं सगळं त्यात होतं. आणि स्वतः जुळवलेलं एक कानडी गाणंही होतं, तेही चालीवर. त्या बाळंतपणात झालेली लेक, सिद्धेश्वरी, आज संध्याकाळी नवऱ्याला घेऊन जेवायला येणार होती. जावयासमोर हे लागलं तर?

त्यानं गुपचूप पत्ती पुन्हा सरकवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, याचा पार्ट आता मिळत नाही, असं जाहीर केलं.

“बरं,” मागूनच आवाज आला. दाक्षायणी दारात उभी होती. “मग मघाशी दिवा कशाचा लागला होता?”

व्होल्टेज बघत होतो, असं तो पुटपुटला. ती समोर येऊन बसली.

“तुमची बाजू लावायची न्हाय मला. ती पाठ हाय. उलटी करून लावा.”

उलट्या बाजूला काय आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं ते असं : कॅसेट मिळाल्यावर तिनं याच टेपवर मागच्या बाजूला उत्तर भरलं होतं. पण ते पाठवायच्या आधीच कळा सुरू झाल्या, आणि पुढं लेकीच्या धांदलीत कॅसेट ट्रंकेच्या तळाशी गेली.

शिवपुत्रनं पत्ती जागेवर आणली आणि कॅसेट उलटी घातली. मोटारीचा रबरी पट्टा सैल पडल्यामुळं आवाज जरा जड येत होता, मागं कुठंतरी शेळी ओरडत होती, तरी बोलणं स्पष्ट होतं.

“भात करपत असला तर स्टो बारीक करायचा असतो. आणि उपाशी कसले? बसूभावजींच्या घरी रोज भाकरी खाताय, समजलंय मला. ते गाणं परत म्हणू नका.” मग बराच वेळ नुसती खरखर झाली. “म्हणा. पण मी आल्यावर म्हणा. कॅसेटवर नको. मला एकटीलाच.”

टेप थांबला. शिवपुत्रनं चष्मा काढून उगाचच पुसला.

“मी म्हटलं होतं का मग?”

“कुटं? तुमाला मी कधी सांगितलंच न्हाय की.”

त्यानं उठून पुढचं दार लोटलं, खिडकीही लावली. गल्लीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात सुरुवात केली. दोन ओळींतच शब्द अडले. दाक्षायणीनं मेथीची देठं गोळा करत पुढची ओळ सांगितली.