दहा चाळीसची गाजरं

मंगळवारी सहावीचं जेवण झालं तेव्हा कचऱ्याच्या पिंपात छोट्या गाजरांच्या एकसष्ट पिशव्या होत्या. त्यातली एकही फोडलेली नव्हती. सहावीत मुलं चौऱ्याहत्तर. त्यांच्यातल्याच ब्रिन टोलेफसनने रबरी हातमोजे घालून पिशव्या दोनदा मोजल्या, कारण मिस किन्सेलांच्या आकडेवारीच्या तासाला एकाच मोजणीवर कुणी विश्वास ठेवत नसे.

सहावीला जेवण मिळे सकाळी दहा चाळीसला. त्या वेळी गावातल्या कॅफेत न्याहारीची अंडी अजून तव्यावर असतात. पण जेवणघर एक, इयत्ता तीन, आणि लहानांनी आधी जेवावं असा शाळेचा दयाळू नियम. दोन वाजता ब्रिनच्या पोटातली गुरगुर अख्ख्या वर्गाला ऐकू जाई. तिला फक्त माणसांच्या वेळेला जेवायचं होतं.

मुख्याध्यापक हॅल्व्हर्सन सरांना यात काही अडचण दिसत नव्हती. जेवणघराच्या दारावर त्यांचा तक्ता लागलेला होता. त्यात आलेखाचा हिरवागार एकच स्तंभ: शंभर टक्के विद्यार्थी भाजी घेतात. घेतातच. घेतल्याशिवाय वाढणाऱ्या बाई ट्रे पुढे सरकू देत नाहीत. ट्रेपासून पिंपापर्यंतचा प्रवास तेवढा तक्त्यात मावला नव्हता.

बुधवारी वर्गाने आपला तक्ता मांडला, तोही जमिनीवर. तिन्ही इयत्तांच्या टाकलेल्या पिशव्या धुऊन दाराबाहेर रांगेने लावल्या. दहा चाळीसची सहावी एकसष्ट, साडेअकराची सातवी अडतीस, बारा वीसची आठवी एकवीस. सगळ्या रांगा एकाच रेषेपासून सुरू झाल्या पाहिजेत, एवढंच मिस किन्सेलांनी बजावलं होतं.

हॅल्व्हर्सन सर आले, थांबले. सोमवारी शाळा समितीचे पाहुणे यायचे होते. या रांगा थोड्या आनंदी दिसतील अशा लावता येतील का, असं त्यांनी आधी विचारलं. मग स्वतःच निष्कर्ष सांगून टाकला. सहावीची पोरं नखरेल असतात, घड्याळाचा यात काय संबंध?

"मग आठवीला बसवा ना सर दहा चाळीसला," ब्रिन म्हणाली. "ते कुठे नखरेल आहेत?"

"आणि तुम्ही बारा वीसला, असंच ना?"

"प्रयोग म्हणजे तसं करावंच लागेल, सर."

मिस किन्सेला खिडकीबाहेरचा रिकामा वाहनतळ फार मन लावून पाहत होत्या.

सरांनी एक दिवस दिला, शुक्रवार. फरक पडला नाही तर ही गाजरांची जत्रा बंद. पडला तर पाहुण्यांसमोर नवं वेळापत्रक. आणि मोजणार ते स्वतः, कारण पोरांच्या आकड्यांचं काही खरं नाही.

शुक्रवारी सरांनी रबरी हातमोजे घातले, आणि ब्रिनने आठवण करून दिल्यावर दुसऱ्यांदाही मोजलं.

दहा चाळीसची आठवी: मुलं बहात्तर, न फोडलेल्या पिशव्या एकोणसाठ. बारा वीसची सहावी: मुलं चौऱ्याहत्तर, न फोडलेल्या पिशव्या चोवीस.