सतरा कोस

घमेल्यात कोमट पाणी ओतून देवकाबाईंनी मूठभर मीठ टाकलं आणि नवऱ्याचे दोन्ही पाय धरून आत बुडवले. महादेवरावांनी डोळे मिटले. टाचेवरचे दोन फोड फुटले होते. देवकाबाईंनी ते निरखून पाहिले, दुकानात आलेली तूरडाळ पाहावी तसे, आणि समाधानाने पदराला हात पुसले.

बोरगाव मेघेच्या वळणावर, लिंबाच्या सावलीत मेटाडोर उभा होता. एरवी दुकानाचा माल वाहायचा; दोन दिवसांपासून घर झाला होता. मागे गादी, स्टो, पाण्याचे दोन माठ, पिठाचा डबा. देवकाबाई पुढे जाऊन थांबायच्या, चहा ठेवायच्या, आणि महादेवराव मागून अनवाणी येत राहायचे. हिंगणीच्या मारुतीपासून अल्लीपूरच्या मारुतीपर्यंत. मालकाची कावीळ उतरली तर ते पायी येतील, असा नवस आपण बोललो, हे देवकाबाईंनी भर सोयऱ्यांत सांगितलं होतं. भर सोयऱ्यांत सांगितलेला नवस कोणत्या नवऱ्याला नाकारता येतो?

गावोगावच्या बाया मेटाडोरभोवती जमायच्या, अशी सेवा करणारी बायको नशिबानं मिळते म्हणायच्या. देवकाबाई गोड हसायच्या. मग रूपराव, दुकानाचा जुना ड्रायव्हर, मैलाचा दगड पाहून गाडी हळू करायचा, तेव्हा त्या म्हणायच्या, अजून थोडी पुढे घे.

छत्तीस वर्षांपूर्वी याच रस्त्याने त्या हिंगणीच्या माहेराहून अल्लीपूरला सासरी चालत आल्या होत्या. पंगतीत सासऱ्याला उलट बोलल्या, एवढाच गुन्हा. हिला चालू द्या, जीभ थंड होईल, असं म्हणून सासरा बैलांच्या दमणीत बसला. सासऱ्यासमोर सुनेनं पायात घालायचं नाही, म्हणून चपलाही दमणीतच, बैठकीखाली. वैशाख होता. कासरा महादेवरावांच्या हातात होता आणि सतरा कोसांत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. पुढे सासरा गेला, दुकान वाढलं, सुना आल्या. त्या वाटेबद्दल महादेवरावांनी कधी एक शब्द काढला नाही. देवकाबाईंना तो शब्द हवा होता. तोंडातून येत नसेल तर पायांतून काढायचा. डॉक्टर नको म्हणाले म्हणून वैशाखाऐवजी फाल्गुन, एवढी सूट त्यांनी दिली होती.

आता त्यांनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं.

"बसा ना गाडीत. दोन कोस गेलं तर मारुती काई मोजून नाई राह्यला."

ते बसले असते तर अल्लीपुरात ही गोष्ट त्यांच्याआधी पोचली असती. महादेवरावांनी नाही म्हणून मान हलवली.

"देवका, तू नवस बोललीच नोती."

देवकाबाईंचा हात पाण्यातच राहिला.

"कोनं सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे? इतके वर्सं पाहून राह्यलो तुले. तू कोन्या देवापुढं पदर पसरला का कधी?"

रूपराव उगाच चाकांची हवा पाहायला पलीकडे गेला.

"मंग चालले काऊन?"

महादेवरावांनी पाय बाहेर काढले. पंच्याने पुसले. उठताना त्यांनी गाडीच्या फळीचा आधार घेतला, बायकोचा घेतला नाही.

"तवा तुले कोनं इचारलं होतं?"

एवढंच बोलून ते रस्त्याला लागले.

देवकाबाईंनी घमेलं उपडं केलं. तो शब्द आला होता, आणि त्यांनी ओढून काढायच्या आधीच आला होता, याचाच त्यांना राग आला. कॅबिनमध्ये चढून बसताना त्यांची टाच सीटखालच्या चपलांना लागली. महादेवरावांच्याच, कोल्हापुरी. त्यांनी त्या हातात घेतल्या, तळाची धूळ झटकली आणि पुन्हा खाली सरकवल्या, आधीपेक्षा आत.

गाडी महादेवरावांना मागे टाकून पुढे निघाली.

"बाई, पुढच्या दगडापाशी थांबू?" रूपरावने विचारलं.

"त्याच्या पुढच्या. नऊ कोस राह्यले अजून."

मग खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी आपल्या बाजूचा आरसा वळवला. थोडा, अजून थोडा, पांढरं धोतर त्यात नीट येईपर्यंत. रूपरावला आता त्या बाजूचं मागचं काही दिसत नव्हतं.