दादाला न विचारता येणारे प्रश्न

सुव्हा शहरातल्या विद्यापीठानं त्या सत्रात मुलांच्या शंकांसाठी चॅटबॉट आणला आणि त्याची उत्तरं तपासायचं लचांड इसिकेलीच्या गळ्यात पडलं. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांत तो सगळ्यांत तरुण, म्हणजे हक्काचा गडी. चॅटबॉट उत्तर लिही, हा ते वाचून, लागलं तर बदलून पुढे धाडी. विचारणाऱ्याचं नाव त्याला दिसत नसे, नुसता क्रमांक दिसे, आणि उत्तरं कोण तपासतं हे मुलांना ठाऊक नसे.

खरं सांगायचं तर त्याला त्यात गोडी लागली. वर्गात मूग गिळून बसणारी पोरं यंत्रापुढे काय काय विचारत! एकानं सरासरी काढून घेतली आणि लगोलग, रुसलेल्या मावशीला कसं मनवायचं, तेही विचारलं.

एके दिवशी कुणा मुलीनं लिहिलं, की संभाव्यता डोक्यात शिरतच नाही, आणि यंदा नापास झाले तर शिष्यवृत्ती जाईल, बेटावर परत जावं लागेल. तुमच्या शिक्षकांना भेटा, असं चॅटबॉटनं सुचवलं. इसिकेलीनं ते डोळे झाकून पुढे धाडलं.

‘नाही भेटता येत,’ तिनं लिहिलं. ‘तो माझा दादा आहे.’

‘मग तर सोपंच झालं,’ हे चॅटबॉटचं पुढचं उत्तर.

इसिकेलीनं कपाळावर हात मारून घेतला. वर्गात त्याची बहीण एकच, धाकट्या काकांची केलेरा. त्यांच्या लाऊ बेटांवर चुलत म्हणजे सख्खीच, आणि वयात आलेल्या बहीणभावांनी एकमेकांशी बोलायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही. तो मान असतो. त्या दीडशहाण्या यंत्राला हे कोण सांगणार? ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसे, हा भिंतीकडे बघून शिकवी, आणि पोरगी बुडत चालली होती. त्याला फार वाईट वाटलं.

पण उत्तर द्यावं तर रीत मोडते. तो विभागप्रमुख विलिसीबाईंकडे गेला. बाई त्याच्याच बेटावरच्या, आईच्या वयाच्या. त्यांनी उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा तुकडा चावत सगळं ऐकून घेतलं.

“तू कुणाशी बोलतोस? यंत्राशी. ती कुणाशी बोलते? यंत्राशी. मग तुझं घोडं अडलंय कुठं?”

मग काय, त्यानं सपाटाच लावला. यंत्राचे फासे नि पत्ते खोडून त्यानं वादळात बोट वेळेवर लागण्याची शक्यता मांडली. केलेराचे प्रश्न वाढले, आणि असे तिरके, की त्याला रात्र रात्र विचार करावा लागे. अरे, ही असा विचार करते? एका अंगणात वाढलो, आणि हे आपल्याला आज कळतंय! दुसऱ्या दिवशी ती काय विचारेल, याची तो वाट बघू लागला.

पेपर दुसऱ्या शिक्षकानं तपासले. केलेरा पास झाली, तीही चांगल्या गुणांनी.

निकालाच्या संध्याकाळी तिचा आणखी एक प्रश्न आला. ‘मी नापास होत होते, तेव्हा दादाला माझी लाज वाटत होती का?’

चॅटबॉटनं लिहिलं, तुमच्या भावाच्या मनातलं मला सांगता येणार नाही. इसिकेलीनं ते पुसलं. मग त्यानं लिहिलं, ‘कधीच नाही.’

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. ‘बरं. पण मी विचारलं होतं, हे त्याला सांगू नकोस.’

‘नाही सांगत,’ इसिकेलीनं लिहिलं.