सैल झालेली विजार

"अहो, फुगू नका! माप खोटं येईल."

आत काजं करत बसलेली बायको, छाती काढून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला पडद्याआडून अशी दटावायची. टेप धरलेले मास्तर मिशीत हसायचे. आता बायको जाऊन वर्ष उलटलं, दुकान बंद झालं, पण आवाज काही कानातून जाईना.

बाकी सगळं मात्र सोडून चाललं होतं. विजार कमरेवरून निसटत होती, सदरा खांद्यावरून. परवा तर अख्खे मास्तरच बाथरूममध्ये घसरले.

"कापडच सैल पडलंय," मास्तर म्हणाले. "हल्लीचं सूत बेइमान."

मुलीने धरून डॉक्टरांकडे नेलं.

"स्नायू पार वाळलेत, आजोबा. अंडी खा, खुर्चीतून उठबस करा. आणि मन कसंय?"

"त्याचं माप आम्ही घेत नाही. कापड फार लागतं."

डॉक्टर हसले. मुलगी हसली नाही.

घरी अंडी ताटात गार होत राहिली. मास्तर खिडकीशी, खुर्चीला टाचून ठेवल्यासारखे.

"अप्पा, उठा ना. तुमच्या बुडाला मुळं फुटतील!"

"गुडघ्यांचा संप आहे. मागण्या मान्य झाल्या की कळवतो."

असेच संपाचे दिवस गेले. मुलीचा जीव टांगणीला. हा माणूस असाच खुर्चीत विरून जाणार, जुन्या अस्तरासारखा. शेवटी वैतागून तिने मशीनच्या खणातला टेप काढला.

"ती विजार तरी आत घेते. माप द्या."

टेप दिसला मात्र, मास्तर उठले! डगमगले, मशीनला हात टेकला, पण उठले. बसून माप देणारा माणूस त्यांनी जन्मात खपवून घेतला नव्हता. वर छाती फुगवली आणि टेप अंगाला लागायच्या आधीच ठोकून दिलं, "कंबर अडतीस!"

मुलीने कमरेभोवती टेप गुंडाळला. मग तिच्या तोंडून आईच्याच सुरात निघालं, "अप्पा, फुगू नका. माप खोटं येईल."

मास्तरांच्या छातीतली हवा गेली. टेप सैल होऊन कमरेवरून खाली घसरला.

"पाय उठतात गं, रडतखडत," ते टेपाकडे बघत म्हणाले. "मलाच उठायचं नसतं. सकाळी डोळे उघडले की वाटतं, परत कशाला उघडले?"