लाटिन

१९७४ सालच्या जूनमधल्या एका रविवारी बाबांनी घरातल्या भिंतीवर गेरूने लिहायला घेतलं, तेव्हा आई चुलीपुढून तशीच उठून आली.

"कालच सारवली न मी भित! काय करून राहिले तुमी?"

"प्लॅन," बाबा म्हणाले आणि लिहीत राहिले.

साकोलीहून नागझिऱ्याकडे जाताना आमचं गाव लागतं. बाबांचं नाव भय्याजी. जंगलखात्याच्या रोपवाटिकेत ते माळी होते, शिक्षण चौथीपर्यंत. झाडांवर टांगायच्या पत्र्याच्या पाट्या तेच रंगवत. वर आपलं नाव, खाली देवनागरीतच लॅटिन नाव. ते लॅटिन त्यांना एका म्हाताऱ्या रेंजरसाहेबांनी शिकवलं होतं. निवृत्त होताना साहेबांनी आपली नावांची आणि अर्थांची जाड वही बाबांच्या हातात ठेवली. बाबा ती गमछ्यात गुंडाळून ठेवत आणि तिला 'लाटिन वही' म्हणत.

मी, सत्यवती, त्या वर्षी चौथी पास झाले होते. गावातली शाळा चौथीलाच संपायची. पुढची शाळा साकोलीला, मधे जंगल, आणि एसटी यायची ती शाळा अर्धी उलटल्यावर. मुली चौथीनंतर घरीच राहत. बाबा म्हणाले, "घरी राहा, पन शिक."

जंगलखात्याचं सगळं वर्किंग प्लॅनवर चालतं. कोणत्या साली कुठे तोड, कुठे नवीन साग, हे पुढच्या कितीतरी वर्षांचं आधीच लिहून ठेवतात. लिहिणारा साहेब ते झाड मोठं झालेलं बघायला नसतो, तरी लिहितो. बाबांना या गोष्टीचं फार कौतुक.

"सागाले ऐंशी वर्स देतेत," ते आईला म्हणाले, "मी पोरीले दहा नाही देनार का?"

भिंतीवर दहा ओळी झाल्या. पहिल्या साली शंभर झाडांची नावं. दुसऱ्या साली त्यांचे अर्थ. मग गणित, इतिहास, इंग्रजी, त्यासाठी रविवारी शाळेतल्या पुंडलिकराव गुरुजींकडे जाणं. १९८० समोर लिहिलं 'मॅट्रिक, बाहेरून.' आणि सगळ्यात खाली, १९८४ समोर, एकच शब्द: 'रोवणी.'

आईला वाचता येत नव्हतं. तिने दहा ओळी बोटाने मोजल्या, म्हणाली, "भलतंच लांब हाये," आणि भात करपला म्हणून पळाली.

आमची शाळा सकाळी रोपवाटिकेत भरायची. बाबा झारीने पाणी घालत पुढे, मी वही घेऊन मागे. साग म्हणजे टेक्टोना ग्रँडिस. ग्रँडिस म्हणजे थोर. पळस म्हणजे ब्युटिया मोनोस्पर्मा, एका शेंगेत एकच बी. एक दिवस धानाचं नाव आलं, ओरायझा सटायव्हा.

"सटायव्हा म्हंजे पेरलेलं," बाबा म्हणाले.

"पन बाबा, धान आपन पेरत नाही, रोवतो. नाव चुकलं."

बाबांनी झारी खाली ठेवली. मग हसले. "पयले बी पेरून पऱ्हे टाकतोच न? घराजवळच्या बांधीत, नजरेसमोर. उपटून दुसरीकडं रोवतो ते मंग. तू आता पऱ्ह्यात हायेस."

भिंतीवरच्या शेवटच्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

या सगळ्याला एकच विरोध होता, माझ्या आत्याचा. जनाबाई आत्या बाबांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा तिनेच बाबांना वाढवलं. बाबा तिला 'बाई' म्हणत आणि तिचा शब्द खाली पडू देत नसत. ती जवळच्याच गावात दिलेली, दर बाजाराच्या दिवशी यायची, भिंतीकडे बघायची आणि तोंड सोडायची.

"भय्या, पोरीले लाटनं शिकव, लाटनं! लाटिन कायले? पादरी करतं का तिले?"

आमचा मुलूख धानाचा. रोज भात. पोळ्या सणाला नाहीतर पाहुण्यांना. त्यामुळे जिला गोल पोळी लाटता येते तिला भाव. आत्याने मला लाटायलाही शिकवलं, हे खरं सांगायला हवं. तिच्या हातचा फटका खात मी टेक्टोना ग्रँडिस पुटपुटत पोळ्या लाटायची.

१९७८ च्या माघात आत्याने स्थळ आणलं. मी पंधराची. लाखांदूरकडचे गोमाजी पाटील, घरचं तळं, शेताला पाणी देणारी बोडी, धानच धान. मुलाचं नाव भैय्यालाल. बाबांचा चेहरा उतरला, पण बाईला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी ते भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. चार ओळी झाल्या होत्या. सहा बाकी.

पाहुणे आले. गोमाजी आणि त्यांच्या पत्नी देवकाबाई. मी पोहे दिले, चहा दिला, आणि मान खाली घालून बसले.

"पोरीले काय काय येते?" गोमाजींनी विचारलं.

"सारंच येते," आत्या सरसावली. "भात त कोनीबी शिजवते. हिच्या पोया पाहा, चंद्रावानी!"

"अन् लाटिन येते," बाबा म्हणाले. अगदी सरळपणे. त्यांना वाटलं, मुलीचं कौतुक चाललंय तर हेही सांगावं.

गोमाजींची बशी ओठांपाशी थांबली. "काय येते?"

"लाटिन."

गोमाजींनी देवकाबाईंकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "कवापासून येते?"

"चार वर्स झाले."

"रोज?"

"रोजच. सकाळी त हमखास. रोपवाटिकेत गेली का जास्तच येते."

देवकाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "काही दवादारू?"

इथे बाबा थांबले. मी मान वर करून पाहिलं. लाटिन म्हणजे मिरगीसारखं काही, असं देवकाबाईंना वाटतंय, हे बाबांच्या ध्यानात आलं होतं; मला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. एक वाक्य बोलले असते तर सगळे हसले असते आणि माझं लग्न ठरून सुपारी फुटली असती. बाबांनी भिंतीकडे पाहिलं.

"दवा कायची?" ते हळूच म्हणाले. "वाढूनच राहिली. सत्ते, दाखव."

चार वर्षांत बाहेरच्या माणसांसमोर मला कोणी 'दाखव' म्हटलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि एका दमात सुरू केलं, "ओरायझा सटायव्हा, टेक्टोना ग्रँडिस, ब्युटिया मोनोस्पर्मा, टर्मिनालिया टोमेंटोसा, डालबर्जिया लॅटिफोलिया..."

"अगं माय वं!" देवकाबाई ओरडल्या. "कांदा आना! जोडा हुंगवा पोरीले!"

गोमाजींनी खरोखर आपला जोडा माझ्या नाकासमोर धरला. मी डोळे उघडले, जोडा पाहिला आणि मला हसू आवरेना. हसण्याने तर त्यांची खात्रीच पटली. पोहे अर्धे टाकून पाहुणे बैलगाडीत बसले.

गाडी वळणाआड गेल्यावर आत्या बाबांवर उसळली. "तुनं मुद्दाम केलं, भय्या!"

"बाई, मी एक तरी शब्द खोटा बोललो का?"

"सांगायचं ते नाही सांगितलं! तुले मी चमच्यानं पेज पाजली रे..." आणि ती रडत निघून गेली.

भय्याजीच्या पोरीला 'लाटिन येते' हे महिनाभरात तालुकाभर झालं. स्थळं बंद झाली. मला अभ्यासाला निवांत वर्षं मिळाली. बाबांना मात्र ती महाग पडली. त्या भाऊबीजेला ते आत्याच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसून होते. तिने आतून पाणी पाठवलं, ती बाहेर आली नाही. बाबा कोऱ्या कपाळाने परत आले. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही. सकाळी झारी उचलायची, आणि "चाल, आज कोनतं झाड?" विचारायचं.

१९८० मध्ये मी सतरा नंबरचा फॉर्म भरून मॅट्रिकला बसले आणि पास झाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दारात आत्या उभी. हातात शिसमाचं नवंकोरं लाटणं.

"लाटिन झालं असंल त हे घे," ती म्हणाली. "अन् तू, भय्या, इकडं ये." आणि भाऊबीज नसताना तिने बाबांच्या कपाळाला कुंकू लावलं.

बाबांनी लगेच पांढरा रंग काढून लाटण्याच्या मुठीवर बारीक अक्षरांत शिसमाचं लाटिन नाव लिहिलं, 'डालबर्जिया लॅटिफोलिया.' आत्याने कपाळावर हात मारला.

मी भंडाऱ्याला वसतिगृहात राहून बारावी केली, मग डी.एड. १९८४ च्या जूनमध्ये लाखांदूर तालुक्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले. शाळेतल्या प्रत्येक झाडावर पाटी लावून घेतली. गोमाजींची पुतणी माझ्या वर्गात होती. एकदा ते स्वतः शाळेत आले, पाट्या वाचल्या, आणि संकोचून म्हणाले, "बाई, ते लाटिन... अजूनबी येते का?" "रोज येते, काकाजी," मी म्हटलं. ते इतके हसले की टोपी पडली. भैय्यालालचा संसार छान झाला होता. मीही पुढे एका शिक्षकाशी लग्न केलं, पोळ्या मी लाटते आणि तो बऱ्या म्हणतो. आत्या नव्वद वर्षं जगली. लाटणं अजून आहे, अक्षरं पुसली.

बाबा मात्र माझ्या नोकरीआधीच, १९८३ च्या पावसाळ्यात, तापाने गेले. दहातल्या नऊ ओळी त्यांनी पाहिल्या.

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला मी घरी आले. आईने भिंती सारवल्या होत्या. दहा वर्षं दर सणाला ती सारवायची, आणि दर वेळी बाबांच्या लिहिण्याभोवती हात थांबवायची. थरावर थर चढत गेले, तो चौकोन तसाच राहिला, आता चांगला दोन बोटं खोल दिसत होता. बाबांचा फोटो आमच्या घरात नव्हता, कधी काढलाच नव्हता. दिवेलागणीला आईने एक पणती उचलली, ओळी वरून खाली बोटाने मोजल्या, आणि दहाव्या ओळीच्या खाली, त्या चौकोनाच्या काठावर, कोनाड्यात ठेवावी तशी, ती अलगद ठेवली.